गुलाबी बोंडअळी : यवतमाळ जिल्ह्यातील प्रादुर्भाव व त्याची पूर्वपीठिका

कपाशीच्या बोंडात शिरून सरकी खाणारी एक अळी. लेपिडॉप्टेरा गणाच्या गेलेकिइडी कुलातील या कीटकाचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला असे आहे. कपाशीची बोंडे पोखरणाऱ्या अळ्यांत ठिपक्यांची, हिरवी (हिलाच अमेरिकन बोंडअळी म्हणतात) व गुलाबी अशा तीन प्रमुख आहेत. पहिल्या दोहोंचा उपद्रव जनुकांतरित (बीटी) कपाशी आल्यानंतर बराच कमी झाला. गुलाबी बोंडअळी मात्र काही वर्षे दबून राहिली आणि नंतर पूर्वीपेक्षा अधिक जोराने उलटली. विदर्भात, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ च्या खरीप हंगामात तिने घातलेले थैमान व त्याच हंगामात फवारणी करणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांना झालेली विषबाधा यांमुळे एरव्ही कीटकशास्त्राच्या ग्रंथांपुरते राहणारे हे नाव सामान्य माणसाच्याही परिचयाचे झाले.

या अळीचा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, लहान व निशाचर असतो. मादी पात्या, फुले व कोवळी बोंडे यांवर एकेकटी अथवा लहान पुंजक्यांनी अंडी घालते. चार-पाच दिवसांत त्यांतून पांढुरकी अळी निघते व लगेच कळीत किंवा बोंडात शिरते. वाढत जाताना तिला गुलाबी रंग येतो. पूर्ण वाढलेली अळी सु. ११ ते १३ मिमी. लांब असते. कळीत शिरलेली अळी पाकळ्या रेशमासारख्या धाग्यांनी आतून बांधून टाकते, त्यामुळे फूल नीट न उमलता गुलाबाच्या मिटल्या फुलासारखे दिसते. अशा फुलास शेतकरी ‘डोमकळी’ म्हणतात. बोंडात शिरण्यासाठी अळीने पाडलेले छिद्र अतिशय बारीक असते व बोंड वाढताना ते बुजून जाते. म्हणून बोंड बाहेरून निरोगी दिसते आणि फोडल्यावर मात्र आत सरकी खाल्लेली व रुई पिवळी पडलेली आढळते. अशा किडक्या, डागाळलेल्या कापसाला ‘कवडी’ म्हणतात व बाजारात त्यास फारच कमी भाव मिळतो. अळी एकदा बोंडात गेली की फवाऱ्याचा थेंब तिच्यापर्यंत पोचत नाही. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने पुढे किती किंमत मोजावी लागली, हे खाली येईलच.

हंगामाच्या अखेरीस, दिवस लहान होऊन थंडी पडू लागली म्हणजे, पूर्ण वाढलेल्या अळ्यांपैकी बऱ्याचशा कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात. दोन सरक्या रेशमी धाग्याने एकमेकींस जोडून त्यांच्या पोकळीत त्या पडून राहतात. ही सुप्तावस्था अनेक महिने टिकते. वखारीतील सरकी, शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी, न उमललेली वाळकी बोंडे ही सर्व तिची वसतिस्थाने होत. पुढील पावसाळ्याच्या सुमारास पतंग बाहेर पडतात. म्हणजे या किडीला दोन गोष्टी हव्या असतात : एका हंगामातून दुसऱ्या हंगामात नेणारी सरकी, आणि बोंडे शक्य तितका अधिक काळ लागलेली राहतील असे पीक. तिच्या सर्व इतिहासाचा उलगडा या दोन गरजांवरून होतो.

प्रसार : या कीटकाचे मूळ स्थान कोणते याविषयी एकमत नाही; काहींच्या मते ते भारतीय उपखंड, तर काहींच्या मते ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाचा प्रदेश होय. शास्त्रीय वर्णन मात्र भारतातील नमुन्यांवरून झाले. भडोच येथील सरकारी कापूसमळ्यांतून १८४२ मध्ये पाठविलेल्या नमुन्यांच्या आधारे डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी १८४३ मध्ये हे वर्णन केले. नमुन्यांसोबतच्या माहितीनुसार ही अळी तेथे पेरलेल्या अमेरिकन कपाशीचे फार नुकसान करीत होती. या तपशिलाचे महत्त्व त्या काळी कोणाच्या ध्यानात आले नसावे. लँकाशरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस पुरविण्यासाठी कंपनी सरकार ज्या परदेशी वाणांचा आग्रह धरीत होते, त्याच वाणावर ही अळी प्रथम नोंदली गेली.

भारताबाहेरील तिचा प्रवास सरकीबरोबर झाला. भारतातून ईजिप्तमध्ये गेलेल्या, सरकी पुरती न निघालेल्या कापसातून ती १९०६-०७ च्या सुमारास नाईलच्या खोऱ्यात पोचली असे मानले जाते. दहा वर्षांच्या आत तेथील पिकाची ती प्रमुख शत्रू बनली. ईजिप्तच्या उत्तम कापसाचे बी जगभर मागविले जात होते. त्याबरोबर १९११ च्या सुमारास ती मेक्सिकोत व त्याच काळात ब्राझीलमध्ये गेली, आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टेक्सस राज्यात आढळली. यात एक विपर्यास आहे. भारतात विघातक कीटक व कीड अधिनियम १९१४ साली झाला आणि मुंबई बंदरात उतरणाऱ्या अमेरिकन कापसाच्या गाठींना विषारी धुरी देण्याची व्यवस्था करण्यात आली, ती अमेरिकेतील बोंड-सोंड्या इकडे येऊ नये म्हणून. तो सोंड्या भारतात आला नाही. आपली अळी मात्र त्याआधीच ईजिप्तमार्गे तिकडे पोचली होती.

याच कुलातील दुसऱ्या एका किडीचा प्रवास उलट दिशेचा आहे. टोमॅटोची पाने व फळे पोखरणारी टुटा ॲबसोल्यूटा ही नागअळी मूळची दक्षिण अमेरिकेची. पेरूमधील नमुन्यांवरून तिचे वर्णन १९१७ मध्ये झाले. ती २००६ मध्ये स्पेनमध्ये शिरली, भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांतून पश्चिम आशियात पसरली आणि २०१४ च्या ऑक्टोबरात पुणे परिसरातील टोमॅटोवर सापडली. ही तिची भारतातील पहिली नोंद होय. त्यानंतरच्या पाहणीत अहमदनगर, नाशिक, सातारा, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतही ती दिसून आली. पाच-सहा मिमी. लांबीचा हा पतंग आठ वर्षांत एका खंडातून दुसऱ्यात आला, तो पंखांच्या बळावर नव्हे. फळांच्या पेट्या, रोपे व बांधणीचे सामान यांनी त्याला आणले. दोन्ही किडींच्या बाबतीत पंखांपेक्षा व्यापाराचा मार्ग अधिक उपयोगी पडला आहे.

यवतमाळ जिल्हा व कपाशी : वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या मधील हा मुलूख वऱ्हाडात मोडतो. इंग्रजी अमलात प्रथम वणी (वून) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यास १९०५ पासून यवतमाळ हे नाव मिळाले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसास अपूर्व भाव आला व काळ्या जमिनीवर ज्वारीच्या जागी कपाशी पसरू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंद लोहमार्ग घालण्यात आला, तोही प्रामुख्याने कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठीच. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ही गाडी पुढे ओळखली गेली. एकविसाव्या शतकात या जिल्ह्यात कपाशीखाली चार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होते व त्यातील बहुतेक कोरडवाहू होते.

पूर्वीची कपाशी देशी (गावरानी) वाणांची असे. तिचा धागा आखूड, पण ती पावसाच्या ओढीस व रसशोषक किडींस बऱ्यापैकी दाद न देणारी. मृगाच्या पावसावर पेरावी, दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू व्हावी, पीक निघाल्यावर शेतात गुरे सोडावी आणि पऱ्हाटी उपटून सरपणास न्यावी, असा रिवाज होता. गुलाबी बोंडअळी तेव्हाही होती. पण बोंडे लागण्याचा काळ मर्यादित असल्याने व मध्ये अनेक महिने शेत मोकळे राहत असल्याने तिच्या पिढ्यांची साखळी तुटत असे. सूरत येथील संशोधक सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये ‘एच-४’ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. त्यानंतर अमेरिकन जातीच्या संकरित वाणांनी देशी वाणांना हळूहळू बाजूस सारले. कापूस एकाधिकार खरेदी योजना (१९७२ पासून), अकोल्याचे कृषी विद्यापीठ (१९६९) व नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था (१९७६) ही सर्व या स्थित्यंतराच्या काळातील आहेत. संकरित वाण अधिक पीक देतात, तथापि त्यांचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, खत अधिक लागते व हंगाम लांबतो. १९८० नंतर कृत्रिम पायरेथ्रॉइडे आली. त्यांचा अतिवापर झाला आणि पुढील दशकात हिरवी बोंडअळी त्यांना दाद देईनाशी झाली. यवतमाळचा शेतकरी जनुकांतरित कपाशीकडे वळला तो अशा पेचातून. त्याला केवळ नव्याची हौस होती, हे म्हणणे अन्यायाचे होईल.

जनुकांतरित कपाशी व प्रतिकारक्षमता : बॅसिलस थुरिंजेन्सिस या जमिनीतील सूक्ष्मजंतूचे, अळ्यांना मारक असे प्रथिन तयार करणारे जनुक कपाशीत घालून हे वाण तयार केले जातात. भारतात अशा तीन संकरित वाणांना २६ मार्च २००२ रोजी केंद्रीय समितीची मान्यता मिळाली. दोन जनुके असलेली दुसरी पिढी (बोलगार्ड-२) २००६ मध्ये आली. दहाएक वर्षांतच देशातील कपाशीचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र या वाणांखाली गेले. आरंभीची काही वर्षे बोंडअळीवरील फवारण्या खरोखरच घटल्या, हे मान्य केले पाहिजे.

एकाच विषावर सतत वाढणाऱ्या किडीत ते विष पचवणारे थोडे जीव तगतात व त्यांचीच प्रजा वाढते. हे टाळण्यासाठी शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावाव्या, म्हणजे तेथे विषाचा संपर्क न आलेले पतंग वाढून प्रतिकारक्षम पतंगांशी त्यांचा संकर होईल, अशी योजना होती. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या बियाण्याचे १२० ग्रॅमचे पाकीट दिले जाई, ते याचसाठी. बहुतेक ठिकाणी हे छोटे पाकीट बांधावर पडून राहिले किंवा फेकले गेले. दोन-चार एकरांच्या कोरडवाहू मालकाने अळीसाठी पाचवा हिस्सा राखून ठेवावा, ही अपेक्षाच कागदी होती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यात आणखी एक दोष होता, आणि तो शेतकऱ्याचा नव्हता. भारतात हे तंत्र संकरित वाणांत आणले गेले. संकरित झाडाच्या बोंडातील सर्व सरक्यांत जनुक सारखे उतरत नाही. काही सरक्या विषयुक्त, काही विषरहित अशी सरमिसळ एकाच बोंडात होते. गुलाबी अळी तर सरकीवरच जगते. तिला थोडे विष व थोडे अन्न असे एकत्र मिळत गेले. प्रतिकारक्षमतेच्या निवडीला याहून अनुकूल परिस्थिती कल्पिणे कठीण आहे. शिवाय ओलिताची सोय झाली तेथे पीक मार्चपर्यंत, कोठे त्यापुढेही ठेवून पुन्हा बहर घेण्याची (फरदडीची) प्रथा वाढली.

पहिला इशारा गुजरातेतून आला. अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट या जिल्ह्यांत एक-जनुकी कपाशीवर गुलाबी अळी तगते, हे २०१० मध्ये तंत्रज्ञान पुरविणाऱ्या कंपनीनेच जाहीर केले. काही वर्षांतच द्वि-जनुकी कपाशीवरही ती तगू लागली व २०१५ मध्ये गुजरातेत मोठे नुकसान झाले. नागपूरच्या संस्थेतील शास्त्रज्ञ या काळात सावध करीत होते. त्याचा परिणाम बियाण्याच्या बाजारावर दिसला नाही.

२०१७ चा हंगाम : या वर्षी विदर्भ-मराठवाड्यात डोमकळ्या लवकर दिसू लागल्या. यवतमाळ जिल्ह्यात कपाशी अनेक ठिकाणी माणसाच्या उंचीइतकी किंवा तिच्याही वर वाढली होती व दाट झाली होती. रसशोषक किडी आधीच होत्या. त्यात बोंडअळीच्या धास्तीची भर पडली. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारण्यांवर फवारण्या झाल्या. कीटकनाशके विकणाऱ्या दुकानदारापलीकडे सल्ला देणारे बहुधा कोणी नव्हते, आणि दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची पद्धत रूढ झाली होती. पंपामागे मजुरी घेणारा मजूर दिवसभर डोक्याइतक्या उंच पिकातून चालत असे. तुषार त्याच्या तोंडावर, डोळ्यांत व ओल्या कपड्यांवर पडत. इंजिनाच्या व बॅटरीच्या पंपांनी तुषार अधिक बारीक व अधिक दाट केले होते.

मळमळ, भोवळ, धाप, दृष्टी अंधुक होणे अशा तक्रारींचे रुग्ण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येऊ लागले. त्यांची संख्या काही शेकड्यांवर गेली. जिल्ह्यात वीसहून अधिक जण मरण पावले, आणि काहींची दृष्टी काही काळ पूर्णपणे गेली होती. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे तंत्रिकांमधील कोलीनएस्टरेज या एंझाइमाला निष्क्रिय करतात. त्यांवर ॲट्रोपीन हा उपचार ठरलेला आहे. इतर गटांतील काही नव्या औषधांना मात्र प्रतिविष नाही, आणि मिश्रणातून कोणते विष शरीरात गेले हे रुग्णाला सांगता येत नव्हते.

शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका आली. नोव्हेंबरात यवतमाळसह पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेंथियुरॉन यांसह पाच कीटकनाशकांच्या (त्यांतील दोन संयुक्त मिश्रणे) विक्रीस साठ दिवसांची बंदी घालण्यात आली. तोवर फवारणीचा काळ जवळजवळ उलटून गेला होता. भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी असलेल्या मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाची नोंदणी केंद्र शासनाने २०२३ च्या आदेशाने रद्द केली. जिल्ह्यातील काही बाधितांनी व मृतांच्या नातलगांनी एका परदेशी उत्पादक कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे दावाही दाखल केला (२०२१).

इतकी विषे पडूनही अळी मेली नाही. ऑक्टोबरनंतरच्या वेचणीत बोंडे फोडावी तो आत गुलाबी अळी, अशी स्थिती झाली. पुष्कळांनी दुसरी-तिसरी वेचणी सोडून दिली. वेचणीची मजुरी कवडीच्या भावातून निघत नव्हती. उभ्या पिकात नांगर घातल्याचे प्रकार झाले. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात डिसेंबर २०१७ मध्ये शासनाने कोरडवाहूस हेक्टरी ३०,८०० व ओलितास ३७,५०० रु. मदत जाहीर केली. यातील एक भाग पीकविम्यातून व एक बियाणे-कंपन्यांकडून यावयाचा होता. त्यामुळे जाहीर झालेली व हातात पडलेली रक्कम यांत अंतर राहिले.

नियंत्रण : संयुक्त संस्थानांनी ही अळी आपल्या कपाशीच्या प्रदेशातून नाहीशी झाल्याचे ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केले. जनुकांतरित वाण तेथेही होते. पण आरंभीच्या काळात साध्या कपाशीचा हिस्सा नेमाने राखला गेला, पऱ्हाटी ठरलेल्या तारखेच्या आत नष्ट करण्याचा दंडक होता, आणि अखेरच्या टप्प्यात वंध्य केलेले पतंग विमानातून मोठ्या संख्येने सोडण्यात आले. तेथील शेते शेकडो एकरांची व शेतकरी मोजके असल्याने हे साधले. यवतमाळला ते जसेच्या तसे लागू करणे शक्य नाही.

महाराष्ट्रात २०१८ पासून वेगळ्या उपायांवर भर दिला गेला. मृगापूर्वीची पेरणी टळावी म्हणून बियाणे जूनपूर्वी शेतकऱ्यांना न विकण्याचे आदेश निघाले. शेतात व जिनिंग कारखान्यांच्या आवारात कामगंध सापळे लावण्यात येऊ लागले. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक नर पतंग सापडले, अथवा दहा टक्के फुले किंवा बोंडे किडलेली आढळली, तरच फवारणी करावी असा संकेत ठरला. डोमकळ्या वेचून नष्ट करणे, कमी मुदतीचे वाण घेणे, डिसेंबर-जानेवारीपर्यंत पीक संपविणे व फरदड न ठेवणे हे बाकीचे उपाय होत. यांत नवे फारसे काही नाही. गावरानी कपाशीच्या काळात ऋतू व गुरे मिळून जे आपोआप करीत, ते आता परिपत्रकांनी करावयाचे आहे.

किडीचा प्रवासही थांबलेला नाही. पंजाब, हरियाणा व राजस्थान या उत्तरेकडील राज्यांत जनुकांतरित कपाशीवर ती बराच काळ उपद्रव देत नव्हती. २०१८ नंतर ती तेथील जिनिंग व तेलगिरण्यांच्या आसपासच्या शेतांत दिसू लागली, आणि २०२१ मध्ये भटिंडा व मानसा जिल्ह्यांत पिकाचे मोठे नुकसान झाले. मध्य व पश्चिम भारतातून आलेल्या कापसाबरोबर व सरकीबरोबर ती गेली असावी, असे मानले जाते. ईजिप्तला ती गेली तो मार्गही हाच होता.

पऱ्हाटीचा प्रश्न मात्र यवतमाळमध्ये केवळ कीटकशास्त्राचा नाही. वाळकी बोंडे लटकलेली पऱ्हाटी शेतातच बारीक करून कुजवावी किंवा जाळून टाकावी, अशी शिफारस आहे. परंतु जिल्ह्यातील अनेक खेड्यांत तीच वर्षभराचे सरपण असते. उन्हाळ्यात तिच्या मोळ्या घराशेजारी रचून ठेवतात, तिचे कूड व कुंपण करतात, आणि गॅसचे नळकांडे घरात असले तरी ते पुन्हा भरण्यास पैसे नसतील तेव्हा चूल तिच्यावरच पेटते. जून-जुलैत याच मोळ्यांतील बोंडांतून पतंग बाहेर पडतात, त्या वेळी आसपासच्या शेतांत नवी कपाशी नुकतीच उगवून वर आलेली असते.